मग पाळलाच कशाला?

कुत्र्यापायी रडू आलं, असं एकदा चारचौघांत सांगून बघा. कुत्रा गेला असेल तर लोक हळहळतात, पाठीवर हात ठेवतात. पण कुत्रा आहे, ठणठणीत आहे, किंबहुना अतोनात ठणठणीत आहे आणि म्हणूनच रडू येतंय, असं म्हणालात की समोरच्याची मुद्रा बदलते. मग तो प्रश्न येतो. सोसायटीतल्या काकांकडून येतो, मामेबहिणीकडून येतो, डॉक्टरांकडे मांडीवर शिट्झू घेऊन नंबराची वाट बघणाऱ्या बाईंकडून येतो आणि घरात कधी मासासुद्धा न पाळलेल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडूनही येतो: मग पाळलाच कशाला?

विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. निकाल आधीच लागलेला असतो, आपण फक्त ऐकायला उभे असतो. त्या निकालामागचं तत्त्वज्ञान साधारण असं: कुत्रा म्हणजे निखळ प्रेम. तो दारात शेपूट हलवत उभा राहतो, दिवसभराचा शीण घालवतो, रक्तदाब उतरवतो. तेव्हा ज्याला कुत्र्याचा त्रास होतो त्याच्यातच काहीतरी खोट असणार. एक तर तो आळशी आहे, कुत्र्याला पुरेसं फिरवत नाही. नाहीतर नेभळट आहे, धाक ठेवता येत नाही. नाहीतर त्याचं प्रेमच पातळ आहे. कुत्रा कधी वाईट नसतो, मालक वाईट असतो. आणि एवढं ऐकूनही झेपत नसेल तर तोंड मिटून सोसावं, कारण हौस तुमची होती.

हे सगळं इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की बोलणाऱ्यांनी निदान एक तरी अवखळ कुत्रं दोरीच्या टोकाला धरलं असावं असं वाटतं. बहुतेकांनी धरलेलं नसतं. उंटावरून शेळ्या हाकणं जुनं झालं; आता बाल्कनीतून कुत्री हाकतात.

आमच्या घरात आहे ती गावठी. सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे पिल्लू असताना सापडलेली. नाव मैना. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. कुठेतरी कारवानीचा अंश असावा असं डॉक्टर म्हणतात. कारवानी म्हणजे सांगली-सोलापूर-लातूरकडे सशामागे सोडायचं शिकारी कुत्रं, कर्नाटकात गेलं की त्याला मुधोळ म्हणतात. नजरेने हेरायचं आणि हेरलं की विचार न करता सुटायचं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं जनावर. आमच्याकडे ससे नाहीत. डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर आहेत.

लिफ्टचं दार उघडायच्या आधीच ती बदलते. बाहेर लोंबणारी जीभ आत जाते, तोंड मिटतं. कान पुढे येतात, अंगाचं वजन पुढच्या दोन पायांवर सरकतं, शेपूट वर ताठ होऊन टोकाशी नुसतं थरथरत राहतं. इथून पुढे माझ्याकडे एका श्वासाचा अवकाश असतो. तेवढ्यात उकडलेल्या कलेजीचा तुकडा तिच्या नाकाशी नेला आणि ती माझ्याकडे वळली, तर निभावलं. नाही वळली तर दोरी तळव्यातून सर्रकन जाते आणि कातडी सोलवटून निघते. ती भुंकत असते, समोर दूधवाला भिंतीला चिकटलेला असतो, आणि जिन्यातून कोणीतरी म्हणतं, “ताई, जरा आवरा की तिला!” ही झाली सकाळची फेरी. संध्याकाळची अजून व्हायची असते. रात्रीची तिच्यानंतर. ऑफिसला जाताना कुर्त्याच्या खिशाला कलेजीचा वास येत असतो तो वेगळाच.

अशा दिवसांच्या माळेत एखाद्या संध्याकाळी माणूस न्हाणीघराचं दार लावून रडला, तर त्यात नवल काय? आणि त्याने रडल्याचं सांगितलं, तर त्यात गुन्हा कोणता?

पण सांगायची सोय नाही, कारण कुत्रा आपल्याकडे पूज्य आहे. म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, त्याला दगड आहेत, गोष्टीतला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. चारी शहाण्यासारखी बसलेली. एकानेही कधी गाईच्या दिशेने झेप घेतल्याचं चित्र मी पाहिलेलं नाही. युधिष्ठिरामागून स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रा चालत गेला तो दोरीशिवाय आणि वाटेत एकाही खारीकडे न बघता. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी क्रिकेटच्या सामन्यात पंच होतो. ‘तेरी मेहरबानियाँ’मधला मोती मालकाच्या खुनाचा सूड उगवतो. या सगळ्यांच्या सावलीत आमची मैना कुंड्या उकरत असते. एकच गोष्ट मला त्यातल्या त्यात खरी वाटते, ती नामदेवांची. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण ती भूतदयेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण कुत्र्यामागे धावणाऱ्या माणसाला धाप लागते, हे कीर्तनातही कोणी सांगत नाही. नामदेव संत होते. मी गृहकर्जाचे हप्ते भरणारी बाई आहे, मला धाप लागते.

आणि ती मला एकटीलाच लागते असंही नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरी पिल्लू आणल्यावर माणसांच्या मनाचं काय होतं, हे मोजण्यासाठी त्यांनी प्रश्नावली तयार केली. पिल्लाच्या काळात मनावर ठळक ताण आला होता, असं जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं. त्या ताणाचे तीन पदर निघाले: चिडचिड, चिंता आणि थकवा. म्हणजे ज्या गोष्टी बोलून दाखवल्या की आपल्याकडे चारित्र्याचा प्रश्न होतो, त्या तिथे संशोधनाचा विषय झाल्या. निम्मे फिनिश लोकही आळशी, नेभळट आणि पातळ प्रेमाचेच असतील का?

“कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो” हे वाक्य तर इतक्या लोकांच्या जिभेवर आहे की ते वेदात असावं अशी शंका येते. याचा लाडका पुरावा म्हणजे ट्रेनर. “आमच्या ओळखीचा एक ट्रेनर आहे, त्याच्यासमोर दोन मिनिटांत गपगार बसला कुत्रा. घरच्यांचं मात्र ऐकत नाही. आता दोष कोणाचा?” दोष वयाचा, काका. इंग्लंडात अंधांसाठी मार्गदर्शक म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास २०२० मध्ये आला. ही कुत्री आठ महिन्यांची, म्हणजे ऐन वयात आली तेव्हा त्यांना वाढवणाऱ्या माणसाने सांगितलेलं ‘बस’ ती आधीपेक्षा कमी ऐकू लागली, आणि अनोळखी माणसाचं मात्र जास्त. परक्यापुढे शहाणपणा आणि घरच्यांपुढे ताल. ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना हे सांगायला संशोधक लागू नयेत. तो मुलगाही शेजाऱ्यांकडे “हो काकू, आणतो काकू” म्हणत असतो.

लॅब्राडोर हावरट असतो, टेबलावरचं उचलतो, कचऱ्याचा डबा पालथा करतो. “लाडावून ठेवलाय” हा निकाल तिथेही तयारच असतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅब्राडोरांमध्ये एक जनुकीय बदल सापडला. भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्याशी त्याचा संबंध आहे, आणि ज्यांच्यात तो असतो ती अन्नाच्या मागे जास्त लागतात. आता मालकाने त्याच्या जनुकांनाही धाक दाखवायचा का?

दुखण्याचं तर नावच कोणी काढत नाही. लिंकन विद्यापीठातल्या प्राणिवर्तनतज्ज्ञांनी २०२० मध्ये लिहिलं की वर्तनाची तक्रार म्हणून त्यांच्याकडे आलेल्या प्राण्यांपैकी निदान एक तृतीयांशांमध्ये कुठलं तरी शारीरिक दुखणं गुंतलेलं होतं. सांधा दुखतो, पोट बिघडलेलं असतं, कान आतून सुजलेला असतो. कुत्रा ते बोलू शकत नाही, म्हणून गुरगुरतो. जिन्यातून “जरा आवरा” म्हणणाऱ्या गृहस्थांना मैनाच्या खुब्याचा एक्स-रे मी दाखवू शकते. त्यांनी मागितलेला नाही.

बरं, जात तरी बघून घ्यायची होती, असं एक शहाणपण असतं. ते मला लागू होत नाही, कारण मी जातीचं कुत्रं घेतलंच नाही. तेव्हा माझ्यासाठी वेगळं ठेवलेलं आहे: “गावठी तर किती सोपी असतात, काही करावं लागत नाही त्यांचं!” कोणी सांगितलं? रस्त्यावर जगलेल्या, स्वतःचा इलाका राखलेल्या, अनोळखी आवाजावर उठून बसणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातलं जनावर दोन खोल्या-स्वयंपाकघरात कोंडल्यावर ते सोफ्यावरची उशी कशाने होईल? राहिली जात. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवरून असं निघालं की एकेकट्या कुत्र्याच्या स्वभावातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. बाकीचं ज्याच्या त्याच्या नशिबाने. पुस्तक वाचून, चौकशी करून, सगळं बघून आणलेला कुत्राही तुमच्या अंगावर येणार नाही याची हमी कोणी देत नाही.

रील बघून पुण्यात हस्की आणणारे आहेत, त्यांचं वकीलपत्र मी घेणार नाही. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पावरचं प्रतिविष बर्फातून ओढत नेणाऱ्या कुत्र्यांच्या जातीचं जनावर एप्रिलच्या उन्हात फरशीवर धापा टाकत पडलेलं मीही बघते. पण ते आणणाऱ्याला आज प्रश्न विचारून त्या हस्कीचं अंग किती अंशांनी गार होतं? आणि हस्कीवाल्यांच्या हौसेचा हिशोब ढाब्यामागे सापडलेल्या पिल्लाच्या मालकिणीकडून का वसूल करायचा?

आता धाक. या विषयावर आपल्याकडे प्रत्येक पुरुष तज्ज्ञ आहे. “त्याला कळलं पाहिजे घरात बॉस कोण ते. आधी आपण जेवायचं, मग त्याला द्यायचं. दारातून आधी आपण जायचं. एकदा उताणा पाडून मानेला धरला की सुतासारखा सरळ येतो.” याचं मूळ शोधत गेलं तर १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये पोहोचायला होतं. बाझलच्या प्राणिसंग्रहालयात डांबलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी तेव्हा लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका कुंपणात कोंडली, ती मान मिळवायला भांडली, आणि भांडणारा ‘अल्फा’ जन्माला आला. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ती कल्पना घरोघर नेली. पुढे याच मेकसाहेबांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. नेता कोणी लढून झालेला नसतो. तो बाप असतो म्हणून पुढे असतो. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. मेक बदलले, लांडगे तर आधीपासून तसेच होते, पण आमच्या इमारतीतले काका अजून १९४७ मध्येच उभे आहेत.

बरं, धाकाने होतं काय? पोर्तुगालमध्ये प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये छापून आला. हिसके, ओरडा आणि विजेचे पट्टे वापरून शिकवलेली कुत्री जास्त ताणाखाली दिसली. जांभया, ओठ चाटणं, अंग आकसणं, आणि लाळेतलं कॉर्टिसॉलही शिकवणीनंतर चढलेलं. आधीच ज्याच्या नसा ताणलेल्या आहेत त्याला आणखी ताण द्यायचा, आणि मग तो चावला की म्हणायचं, बघा, धाक कमी पडला! ज्या घरात मुलांनाही असंच वाढवलं गेलं त्या घरातून हा सल्ला जास्त येतो, असं आपलं माझं एक निरीक्षण.

ज्यांना धाक नको वाटतो त्यांच्याकडे दुसरं औषध असतं: दमवा. पळवा. दमलेला कुत्रा शहाणा कुत्रा. ऐकायला किती छान! मी पळवलं. टेकडीवर नेलं, चेंडू फेकला, सायकलमागे दौडवलं. तालमीत रोज जोर काढणारा पहिलवान महिन्याभरात थकत नाही, तो जास्त जोर काढू लागतो. मैनाचं तेच झालं. पाय लोखंडाचे झाले, डोकं होतं तसंच राहिलं. आधी ती जेवढ्यात झोपायची तेवढ्यात आता तिचं अंग मोकळं होऊ लागलं. अशा कुत्र्याला पळण्याइतकीच हुंगण्याची, चावत बसण्याची आणि मुख्य म्हणजे झोपण्याची गरज असते, हे सांगणारा एकही सल्लागार मला जिन्यात भेटला नाही. वीस मिनिटं एका कुंपणाचा कोपरान्‌कोपरा हुंगून आलेली मैना तासभर पळून आलेल्या मैनापेक्षा लवकर आडवी होते. पण कुंपणापाशी थांबलेली बाई आळशी दिसते. धावणारी कर्तव्यदक्ष.

शिवाय पळवायचं कुठे? वेताळ टेकडीवर मोर आहेत. मोराच्या मागे लागलेली कारवानी रक्ताची कुत्री दोरीसकट कुठवर नेऊ शकते हे मला माहीत आहे, कोपर अजून दुखतं. रस्त्यावर तर प्रत्येक गल्लीचा वेगळा राजा. आमच्या वळणावर एक टोळी, मेडिकलपाशी दुसरी, गणपतीच्या मांडवामागे तिसरी. या सरहद्दी ओलांडल्याशिवाय मोकळं मैदान येत नाही, आणि मैदानात “कुत्र्यांस मनाई” अशी पाटी. सोसायटीत लिफ्टमधून नेऊ नका म्हणून सूचना लागते, प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच अशी बंदी घालता येत नाही असं कळवलेलं असूनही. जिन्याने जा, मागच्या दाराने जा, आवाज न करता जा, आणि हो, भरपूर पळवा!

या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात काम मी करायचं आहे. सल्ला देणाऱ्याने फक्त सल्ला द्यायचा आहे. आणि घराघरांत हे ‘मी’ कोण असतं तेही बघून घ्या. “आई, मी सांभाळीन, तुला काही करावं लागणार नाही” या वचनावर आलेल्या किती कुत्र्यांची शी आज आईच उचलते आहे? मुलगा बंगळुरूला किंवा डॅलसला निघून गेला, आणि सत्तरीतल्या बाईच्या हातात जर्मन शेफर्डची साखळी राहिली, अशी घरं पुण्यात हव्या त्या पेठेत दाखवता येतील. त्या बाईने कुत्रा मागितला नव्हता. तिचा गुडघा बदललेला आहे. तिने जर म्हटलं की मला हा नकोसा झालाय, तर तिला विचारा बघू हाच प्रश्न. ती सांगेल कोणी पाळला ते.

एवढ्यावर तोंडं गप्प होत नाहीत, कारण शेवटचा बाण बाकी असतो: “नाही ना झेपत, मग देऊन टाका.” आणि खरंच कोणी दिला तर? तीच माणसं, त्याच जिन्यात: “बघा, देऊन टाकला! पोटच्या पोराला दिलं असतं का?” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण कुत्र्यावर नसून कुत्र्याच्या मालकावर असावी. या दुटप्पीपणाचा जाच माणसाला होतो तो होतो, पण त्याची खरी किंमत कुत्रं मोजतं. नीट घर शोधून, लोकांना कुत्र्याचा स्वभाव खरा खरा सांगून, सावकाश दुसऱ्याच्या स्वाधीन करायला वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात चारचौघांसमोर “मला झेपत नाही” हे म्हणत राहावं लागतं. ते म्हणायची लाज वाटणारा माणूस काय करतो? रात्री गाडी काढतो. महामार्गाच्या कडेला गळ्यात पट्टा असलेली, प्रत्येक थांबलेल्या गाडीकडे धावत जाणारी कुत्री कुठून येतात असं वाटतं तुम्हाला? ज्यांनी त्यांना सोडलं ते क्रूर आहेतच. पण त्यांना वेळेवर बोलू न देणारे जिन्यातले न्यायाधीशही त्या गाडीत मागच्या सीटवर बसलेले असतात.

दमल्याची कबुली म्हणजे प्रेम कमी असल्याची कबुली, ही समजूत कुठून आली? अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणाऱ्या सुनेला कधीतरी वैताग येतो, हे आज आपण निदान दबक्या आवाजात तरी मान्य करतो. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात २०१७ मध्ये आजारी प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या मालकांकडे याच नजरेने पाहिलं गेलं. त्यांच्यावर येणारा ताण, खिन्नता, हरवलेलं रोजचं आयुष्य हे सगळं आजारी माणसांची सेवा करणाऱ्यांच्या वळणाचं निघालं. मैना तशी आजारी नाही. पण पाहुणे येणं बंद झालं, लग्नाला दोघांनी मिळून जाणं बंद झालं, रात्री दोनला दार खाजवण्याचा आवाज झोपेतही ऐकू येऊ लागला, याला रोजचं आयुष्य हरवणं म्हणायचं नाही तर काय? शिवाय एक दुःख असं असतं जे सांगताना जीभ अडखळते. पिल्लू घरी आणताना डोळ्यांपुढे एक कुत्रा असतो. तो गॅलरीत पायाशी बसलेला असतो, आपण पुस्तक वाचत असतो. तो कुत्रा कधी येतच नाही. आला तो वेगळाच, आणि आपण त्याला जीव लावतो, तरी न आलेल्याची हुरहुर जात नाही. त्याचं सुतक पाळायला परवानगी कोणाची लागते?

मैना माझी आहे आणि ती कुठेही जाणार नाही. ती मला नको असते अशाही काही संध्याकाळी येतात. तेव्हा मी तिला चघळायला हाड देते, मधलं दार लावते आणि दुसऱ्या खोलीत पंखा मोठा करून पडून राहते. नवरा आणि मी पाळ्या लावल्या आहेत. ज्याची पाळी नाही त्याने भुंकणं ऐकून उठायचं नाही, उपदेशही करायचा नाही. काही दिवस आम्ही तिला बाहेर नेतच नाही, घरातच टॉवेलात खाऊ गुंडाळून देतो, ती तो शोधत बसते. “आज फिरवलं नाही?” असं खालून विचारतात. नाही फिरवलं. तिच्याही नसांना सुट्टी, आमच्याही. डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली. “कुत्र्याला मनाच्या गोळ्या? पैसा जास्त झालाय!” होय का? एकटेपणाने कासावीस होणाऱ्या कुत्र्यांसाठी फ्लुओक्सेटीनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच मान्यता दिली आहे. आणि हो, मी स्वतःही समुपदेशकाकडे जाते. तिथे जाऊन कुत्र्याबद्दल बोलते. त्या बाईंनी एकदाही विचारलेलं नाही की पाळलाच कशाला. बहुधा त्यांना त्यांचं काम येतं.

ज्यांना खरोखरच मैनाची काळजी आहे त्यांच्यासाठी कामं पुष्कळ आहेत. रविवारी दोन तास तिच्याजवळ बसा, म्हणजे आम्ही दोघं नाटकाला जाऊ. ती समोरून आली तर टक लावून बघू नका, “बाळा” म्हणत हात पुढे करू नका, बाजूला व्हा आणि जाऊ द्या. तुमच्या मोकळ्या सोडलेल्या पामेरियनला आवाज द्या. “आमचा काही करत नाही” हे मला माहीत आहे, आमची करते. यातलं काही जमत नसेल तर गप्प राहा, तीही मदतच आहे.

पण मी गप्प बसणार नाही. ती माझा जीव की प्राण आहे हे मी ज्या तोंडाने सांगेन, त्याच तोंडाने तिने मला पार पिळून काढलंय हेही सांगेन, आणि दोन्ही एकाच वाक्यात सांगेन. दिवाळी तोंडावर आली आहे. चार रात्री ती न्हाणीघरात बादलीमागे थरथरत बसेल, मी फरशीवर तिच्याशेजारी बसेन, आणि तिसऱ्या रात्री कधीतरी मला तिचा भयंकर संताप येईल. तो आला की मी तो दुसऱ्या दिवशी जिन्यात उभी राहून, मोठ्या आवाजात सांगणार आहे. त्यावर ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी आधी खाली जावं, नातवाच्या हातातला सुतळी बॉम्ब काढून घ्यावा, आणि मग वर यावं.